भाजायचं भांडं कसं निवडावं? खापर, लोखंडी तवा, कढई आणि नॉनस्टिक



शाळेत दर आठवड्याला आपण मुलांना लोहाची गोळी देतो. ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी, त्याहून मोठ्यांना निळी. पालकसभेत या गोळीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "बाई, घरी लोखंडी तव्यावर भाकरी करतो, मग गोळी नाही दिली तरी चालेल ना?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मग आमचा नॉनस्टिक टाकून द्यायचा का?"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत, पण उत्तर हो-नाही मध्ये देता येत नाही. त्यातच आपल्या भागात आजीच्या काळातलं खापर आणि जाड लोखंडी तवा भंगारवाल्याच्या गाडीवर जातो आणि त्या जागी पातळ, चकचकीत काहीतरी येतं. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. पण काय देतोय आणि काय घेतोय हे तरी कळलं पाहिजे. शिवाय परिसर अभ्यास शिकवताना उष्णता, पदार्थ आणि आहार हे तिन्ही विषय या एका तव्यावर येऊन बसतात, म्हणून शिक्षकांनाही हे उपयोगी पडेल.

शिजवणं वेगळं, भाजणं वेगळं

आपल्या अकलोलीची गरम पाण्याची कुंडं मुलांना माहीत असतात, तिथूनच सुरुवात करा. मुलांना विचारा, कुंडाच्या पाण्यात भाकरी भाजेल का? मुलं हसतात. मग विचारा, चुलीवर पाणी खळखळ उकळवलं आणि त्यात टाकली तर? तरीही नाही. कारण उघड्या भांड्यातलं पाणी कितीही जाळ लावला तरी साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. जास्तीची उष्णता वाफ होऊन निघून जाते.

भाजायला याहून पुष्कळ जास्त तापमान लागतं. भाकरीवरचे तांबूस डाग, भाजलेल्या रव्याचा वास, धणे-खोबऱ्याचा बदललेला रंग हे सगळं साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्याने घडतं. तेव्हा पदार्थातली प्रथिनं आणि साखर यांच्यात रासायनिक क्रिया होते. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. आपल्या आज्या ती त्याआधी शेकडो वर्षं नाकाने ओळखत होत्या, ते वेगळं!

आता मुद्द्याकडे बघा. डाळ शिजवताना भांड्यातलं पाणी उष्णता सगळीकडे सारखी पोचवतं आणि तापमानाला लगामही घालतं. म्हणून डाळ कोणत्याही पातेल्यात शिजते. भाजताना मधे पाणी नसतं. पदार्थ थेट धातूला किंवा मातीला टेकलेला असतो आणि लगाम धरायला कोणी नसतं. म्हणजे भांड्याचा जो गुण किंवा दोष असेल तो सरळ पदार्थात उतरतो. शिजवायचं भांडं थोडं इकडेतिकडे असलं तरी निभावतं, भाजायचं नाही.

उष्णता पसरणं आणि उष्णता धरणं

भांडं निवडताना हे दोन गुण बघायचे. उष्णता किती लवकर पसरते, आणि किती धरून ठेवली जाते.

पसरवण्यात तांबं पहिलं, ॲल्युमिनियम त्याच्या मागोमाग. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतं. स्टेनलेस स्टील यात अगदीच मागे आहे, लोखंडाच्या पाचव्या हिश्श्याइतकंही नाही. म्हणूनच पातळ स्टीलच्या भांड्यात रवा भाजायला घेतला की जिथे ज्योत लागते तिथे काळा गोल उमटतो आणि कडेचा रवा पांढराच राहतो. माती तर स्टीलहूनही किती तरी मंद.

धरून ठेवण्यात मात्र लोखंड पुढे. सारख्याच आकाराचा, सारख्याच जाडीचा तवा घेतला तर लोखंडी तव्यात ॲल्युमिनियमच्या जवळपास दीडपट उष्णता साठते. आणि जाडी दुप्पट केली तर साठाही दुप्पट. हे भाकरीला का महत्त्वाचं? थापलेल्या भाकरीत भरपूर पाणी असतं. ती तव्यावर पडल्याबरोबर तव्याची उष्णता ओढून घेते. तवा पातळ असेल तर तो एकदम गार पडतो, भाकरी नुसती वाळत राहते, आणि मग आपण गॅस मोठा करतो तेव्हा मधे करपते. जाड तव्याकडे शिल्लक असते, तो डगमगत नाही. भाकरीची खालची बाजू लवकर धरते, वरून फिरवलेलं पाणी सुकेपर्यंत वरचा भाग लवचीक राहतो, आतली वाफ अडकते आणि भाकरी टम्म फुगते.

तेव्हा दुकानात रंग, कंपनी, दांडा हे बघण्याआधी भांडं उचलून वजन बघा. माझ्या मते भाजायच्या भांड्याची अर्धी परीक्षा तिथेच होते.

मातीचं खापर

ठाणे जिल्ह्यात आणि सगळ्या कोकणात तांदळाची भाकरी मातीच्या तव्यावर भाजायची जुनी रीत आहे. खानदेशात तर पुरणाचे मांडे आजही चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजतात. हातावर फिरवत रुमालाएवढी केलेली ती पोळी आपल्या नेहमीच्या तव्यावर मावणारच नाही. इथे भांड्याने पदार्थाचा आकार ठरवलेला आहे, हे मुलांना सांगण्यासारखं उदाहरण.

माती मंद आहे हा तिचा दोष वाटतो, पण भाजताना तोच गुण होतो. ती सावकाश तापते, सावकाश सोडते, त्यामुळे पदार्थ एकदम करपत नाही. खरी अडचण आहे ती गॅसची. चुलीचा जाळ खापराच्या बुडाला सगळीकडून लागतो. गॅसची ज्योत एका कड्यात लागते. तेवढाच भाग तापून फुगतो, बाकीचा गारच, आणि मंद मातीत उष्णता पटकन पसरत नसल्यामुळे तवा तडकतो. गॅसवर वापरायचाच असेल तर मधे लोखंडी जाळी ठेवा, आच बारीक ठेवून सुरू करा आणि तापलेल्या खापरावर गार पाणी ओतू नका. नवं खापर आधी रात्रभर पाण्यात बुडवून, पूर्ण वाळवून मग वापरायला काढा. इंडक्शनवर मातीचा तवा चालत नाही. आणि घेताना साधं, न रंगवलेलं घ्या. चकचकीत झिलई दिलेल्या भांड्यात ती झिलई कशाची आहे हे कळायला मार्ग नसतो, काही झिलयांत शिसं असतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट.

मातीच्या भांड्यात भाजण्याचा सगळ्यात देखणा प्रकार आपल्या शेजारच्या रायगडात आहे, तो म्हणजे पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात, मग शेंगा, मीठ, ओवा, कोणी अंडी, कोणी मसाला लावलेली कोंबडी घालतं. तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडकं उपडं करतात आणि भोवती पालापाचोळा, पेंढा, काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंब नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा आतच वाफ होतो, मडक्याची जाड भिंत जाळाचा तडाखा अडवते. परदेशी स्वयंपाकघरात झाकणाचं जड भांडं ओव्हनमध्ये ठेवून मांस भाजतात, त्यामागचं विज्ञान हेच आहे. आपण ते शेताच्या बांधावर करतो, इतकंच.

लोखंड, बीड आणि गोळीचा प्रश्न

लोखंडाचे दोन प्रकार बाजारात मिळतात. एक पत्र्याचा ठोकलेला तवा, तो खोलगट आणि तुलनेने हलका. दुसरा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जड आणि खरबरीत. बिडाचा तवा पडला तर फुटू शकतो, हे कित्येकांना खरं वाटत नाही. रोजच्या भाकरी-पोळीला जाडसर पत्र्याचा तवा सोयीचा, कारण हात दुखत नाही. घावन, आंबोळी, थालीपीठ याला बीड उत्तम. भाकरीचा तवा आणि तेलाचा तवा वेगळा ठेवायची जुनी पद्धत आहे, तीही जमली तर पाळा. तेलकट तव्यावर भाकरी नीट भाजत नाही, धूर मात्र होतो.

नवा तवा आणला की आधी साबणाने घासून त्याला लावलेलं कारखान्यातलं तेल काढून टाका. मग विस्तवावर सुकवा, खाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि धूर निघेपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा केलं की तेलाचा कडक, काळा थर तव्याला धरतो. हा थर म्हणजेच लोखंडाचं नैसर्गिक नॉनस्टिक. जाड तेल लावलं तर चिकट गोंद होतो, म्हणून "पातळ" या शब्दावर जोर. रात्रभर पाण्यात भिजत ठेवला की गंज आलाच, पण गंज आला म्हणून भंगारात देऊ नका. घासा, सुकवा, पुन्हा तेल लावा. लोखंडी तवा सहसा मरत नाही.

आता गोळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ साली महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिने वयाची ६८.९ टक्के बालकं रक्तक्षयी आढळली. म्हणजे शंभरातली जवळपास ६९. हीच मुलं पुढे आपल्या वर्गात येऊन बसतात, दुपारनंतर पेंगतात आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरतं का? उतरतं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातल्या २ ते ५ वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही घरांना लोखंडी भांडी दिली, काहींना ॲल्युमिनियमची. वर्षभरानंतर लोखंडी भांडीवाल्या मुलांचं हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढलं होतं, दुसऱ्या गटाचं ०.४ ने. फरक मोठा आहे.

पण लोह उतरायला ओलावा, आंबटपणा आणि वेळ लागतो. चिंच-कोकम घातलेली आमटी, टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत शिजली तर तिच्यात लोह बऱ्यापैकी येतं (रंगही काळपट होतो, त्याची तयारी ठेवा, आणि झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढा). भाकरी मात्र दोन-तीन मिनिटं कोरडी टेकते. तिच्यातून मिळणारं लोह फारच थोडं. तेव्हा लोखंडी तवा जरूर वापरा, तो भाकरी चांगली भाजतो म्हणून वापरा, लोहासाठी कढई वापरा आणि गोळी चालू ठेवा. फक्त ज्या मुलाला थॅलेसेमिया आहे त्याच्या घरी या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच.

नॉनस्टिकला कोरडं तापवू नका

नॉनस्टिकबद्दल भीती खूप आहे आणि ती नेमकी चुकीच्या जागी आहे. निघालेला बारीक कण पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. तो लेप बनवताना पूर्वी पीएफओए नावाचं एक घातक रसायन वापरत, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते २०१५ पर्यंत बंद केलं. घेताना डब्यावर ते नसल्याचा उल्लेख आहे का, बघून घ्यावं.

खरा धोका तापमानाचा. हा लेप २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो आणि आणखी तापला की त्यातून वायू निघतात. त्या वायूंनी माणसाला तापासारखी कणकण येते, आणि घरातले पाळीव पक्षी तर मरतात. पोपट पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घावनाचं पीठ ओतलं की त्यातलं पाणी तव्याला आवरतं. पण धणे, जिरं, लवंग असे मूठभर कोरडे जिन्नस टाकले तर ते तव्याला काय आवरणार? मोठ्या आचेवर रिकामा पातळ नॉनस्टिक तवा काही मिनिटांत २६० पार करतो. म्हणजे घावन, डोसा, अंडं यासाठी नॉनस्टिक ठेवा, मध्यम आच, लाकडी उलथनं. मसाला, शेंगदाणे, रवा, भाकरी त्यात नको. टाकून द्यायची गरज नाही, त्याचं काम बदला.

याच जातीची आणखी एक सूचना कल्हईच्या भांड्यांना. पितळी भांडी पुन्हा वापरात येत आहेत, छान आहे. पण कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. कल्हईच्या पातेल्यात आमटी करा, भात करा, कोरडं काही भाजू नका. साधी ॲल्युमिनियमची कढई जाड असेल तर रवा-पोह्याला वाईट नाही, फक्त तिच्यात आंबट पदार्थ शिजवू किंवा ठेवू नये.

मसाला, शेंगदाणे, भाजणी

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करताना, किंवा थालिपिठाची भाजणी करताना, पसरट आणि जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. पसरट अशासाठी की जिन्नस ढिगाने न राहता एका थरात राहिले पाहिजेत. ढीग झाला की खालचे करपतात आणि मधले स्वतःच्याच वाफेत मऊ पडतात. भाजणीत प्रत्येक धान्य वेगळं भाजतात त्याचं कारणही हेच, दाण्याचा आकार वेगळा, ओलावा वेगळा, वेळ वेगळा. आणि जाड कढईचा एक खोडसाळपणा लक्षात असू द्या. गॅस बंद केला तरी ती भाजतच राहते. तीळ, खसखस, खोबरं हवा तो रंग येण्याच्या थोडं आधीच परातीत काढा.

भडभुंज्याकडे मुलांना एकदा नेऊन आणा, ही सहल फुकटची आणि फायद्याची. तो कढईत वाळू तापवतो आणि तिच्यात चणे टाकतो. तव्यावर चण्याचा एकच ठिपका टेकतो, वाळूत मात्र तो चहूबाजूंनी गरम होतो, म्हणून काही क्षणांत फुटाणा होतो. घरी वाळूऐवजी जाडं मीठ वापरून शेंगदाणे याच तत्त्वाने भाजता येतात. ते मीठ गाळून पुन्हा पुन्हा वापरता येतं.

काही घरांत आता छोटा ओव्हन आला आहे. त्यासाठी ट्रे घेताना बोटभर-दोन बोटं उंच काठाचा, जड घ्या. काठ उंच असले तर आत वाफ कोंडून पदार्थ भाजण्याऐवजी उकडतो. ट्रे पदार्थापेक्षा फार मोठा असला तर गळलेला रस रिकाम्या जागेत पसरून जळतो, फार लहान असला तर तुकडे एकमेकांवर चढतात. ओव्हनच्या भिंतीपासून चारी बाजूंना दोन बोटं जागा सुटेल असा आकार बरा.

दुकानात आणि वर्गात

भिवंडीच्या बाजारात किंवा वज्रेश्वरीला भांड्यांच्या दुकानात जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. लोखंड आणि बीड चुंबकाला धरतं, ॲल्युमिनियम धरत नाही. काळा रंग दिलेला हलका तवा "लोखंडीच आहे" म्हणून गळ्यात मारला जात असेल तर लगेच कळतं. इंडक्शनवर चालेल का याचीही हीच परीक्षा. मग तवा सपाट लादीवर ठेवून बोटाने दाबा, डुगडुगला तर सपाट शेगडीवर तो सारखा तापणार नाही. हा नियम सपाट तव्यालाच, खोलगटाला नाही.

घरी आणल्यावर मुलांसमोर, मोठ्यांनीच गॅसजवळ उभं राहून, एक प्रयोग करा. गार तव्यावर चिमूटभर पीठ चाळणीने पातळ भुरभुरा आणि मंद आच लावा. जिथे पीठ आधी तांबूस होईल तिथे तवा जास्त तापतो. पातळ तव्यावर ज्योतीचा गोल जसाच्या तसा उमटतो, जाड तव्यावर रंग सावकाश आणि बराच सारखा येतो. दोन तव्यांचे फोटो शेजारी शेजारी लावले की फळ्यावर वेगळं काही लिहावं लागत नाही.

तवा तापला का हे बघायला पाण्याचा थेंब टाका. चर्र होऊन लगेच उडाला तर भाकरी टाकायला हरकत नाही. थेंब मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर पळायला लागला तर तवा जरुरीपेक्षा जास्त तापला आहे. थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते आणि तो तव्याला टेकतच नाही. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ साली हे लिहून ठेवलं. नॉनस्टिकवर ही परीक्षा करू नका, त्यावर पाणी थंड असतानाही गोलच राहतं. का, ते पाचवीच्या मुलांना शोधायला सांगा, उत्तरं भन्नाट येतात.